इंग्रजी घोषवाक्ये वाचायची कशी?

कापडाच्या गाठींबरोबर कंपनीकडून फलक, पिशव्या आणि पुठ्ठ्याच्या पाट्याही येतात. त्यांवरची ओळ बहुधा इंग्रजीत असते. दुकानदार ती पाटी गल्ल्याच्या मागे लावतो. गिऱ्हाईक विचारते, "यावर काय लिहिलंय?" दुकानदार म्हणतो, "चांगलं कापड आहे, असं लिहिलंय." हे उत्तर कधी बरोबर ठरते, कधी ठरत नाही. ठरत नाही तेव्हा माल परत येतो आणि पैशाबरोबर आपली जबानही जाते.

आपल्या व्यापारी बंधूंपैकी बरेच जण उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेले आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीच्या आम्हा लोकांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. वाक्याला कर्ता हवा, क्रियापद हवे, हे त्या इंग्रजीने शिकवले. उर्दू शाळेत मास्तरसाहेब फाइल कुठे, फेल कुठे, मफऊल कुठे असे विचारत वाक्य फोडून घेत. जाहिरातीची ओळ अशी फोडायला घ्यावी तर हाती काहीच लागत नाही. फेल सापडत नाही, सापडला तर फाइल गायब असतो. मग आपल्याला वाटते की आपले इंग्रजीच कच्चे. ते कच्चे असेलही, पण प्रत्येक वेळी दोष आपला नसतो. ती ओळ मुद्दामच तशी लिहिलेली असते.

घोषवाक्याला इंग्रजीत स्लोगन म्हणतात. हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ लष्कराची आरोळी असा आहे. आपल्याकडे त्याला नारा म्हणतात. नाऱ्यात व्याकरण कोणी शोधत नाही. तो कानात राहावा, एवढेच नारा देणाऱ्याला हवे असते.

बुटांच्या नाइके कंपनीचे "जस्ट डू इट" घ्या. डॅन वायडन या अमेरिकन जाहिरातकाराने १९८८ मध्ये लिहिलेले हे तीन शब्द जगभर टी-शर्टांवर छापलेले दिसतात. शब्दकोश उघडला तर "जस्ट"चा अर्थ मिळतो न्यायी. जस्ट किंग म्हणजे आदिल बादशहा. दुसरा अर्थ आत्ताच. इथे हे दोन्ही लागू नाहीत. इथला अर्थ आहे, फार विचार न करता, सरळ. मग "इट" म्हणजे काय? शाळेत शिकवले की सर्वनाम येण्याआधी नाम आलेले असावे. इथे नाम कुठेच नाही. पळणाऱ्याने पळणे समजावे, वजन कमी करणाऱ्याने व्यायाम समजावा. बूट टिकेल किती, चामडे कसले, किंमत काय, यातले काहीही त्या ओळीत नाही. म्हणजे इंग्रजी पूर्ण समजूनही मालाबद्दल माहिती शून्यच मिळते.

व्याकरण मोडणे तर यांच्या हातचा मळ आहे. ॲपलने १९९७ मध्ये "थिंक डिफरन्ट" म्हटले. आपल्या मास्तरांनी लाल शाईने "डिफरन्टली" केले असते. डी बिअर्स कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी १९४७ मध्ये "अ डायमंड इज फॉरएव्हर" लिहिले, तेव्हा त्यांच्या कचेरीतच व्याकरणावरून कुरकूर झाली होती, कारण "फॉरएव्हर" हे क्रियाविशेषण आणि ते विशेषणाच्या जागी बसवलेले. मॅकडोनाल्ड्सचे "आय ॲम लव्हिन इट" २००३ चे. लव्ह, नो, वॉन्ट या क्रियापदांना आयएनजी लावू नये, असा नियम आपण घोकला होता. हीच चूक आपल्या मुलाने परीक्षेत केली तर गुण कापले जातील. अमूलच्या "अटर्ली बटर्ली डिलिशस"मधला "बटर्ली" १९६६ पर्यंत इंग्रजीत नव्हताच. तो लोण्यासाठी पाडलेला शब्द आहे. तेव्हा शब्दकोशात सापडला नाही म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही.

अशी ओळ समजून घ्यायची एक साधी रीत आहे. ती पूर्ण वाक्यात उघडायची. गाठ सोडून ताग्याची घडी उलगडावी तशी. केएफसीचे "फिंगर लिकिन गुड" पाहा. शेवटचा जी गाळला आहे, म्हणून तो शब्द ओळखू येत नाही. वाक्य उघडले तर असे होते, हे खाणे इतके चांगले आहे की तुम्ही बोटे चाटाल. जेवल्यावर बोटे चाटून घेण्याची सुन्नत माहीत असलेल्या आपल्या माणसाला हे पटकन कळायला हवे! ऑगस्ट २०२० मध्ये कोविडच्या साथीत कंपनीने ही ओळ काही काळ बाजूला ठेवली. बोटे चाटा, हे सांगायचे ते दिवस नव्हते. इथे ओळीचा खरा अर्थ घेतला गेला, म्हणूनच ती थांबवावी लागली.

हीरो होंडाच्या सीडी १०० मोटरसायकलची ओळ होती, "फिल इट, शट इट, फरगेट इट". ही गाडी १९८५ मध्ये आली. तीन आज्ञा, तीन "इट". टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. पाचवीच्या पोराला कळेल असे इंग्रजी. आणि त्यात दावा आहे, पेट्रोल फार दिवस पुरेल हा. घेणाऱ्याने लिटरला किती किलोमीटर पडतात ते मोजून पाहावे, ओळ खरी की खोटी ते कळते. माझ्या मते आपल्याकडच्या इंग्रजी घोषवाक्यांत ही सर्वांत सरळ.

याच्या उलट ओनिडा टीव्हीची ओळ. "नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड." शिंगे आणि शेपटीवाला सैतान ती घेऊन १९८० च्या दशकात घराघरांत आला. इथे क्रियापद नाही. उघडले तर अर्थ होतो, हा टीव्ही शेजाऱ्याला हेवा वाटेल आणि मालकाला अभिमान वाटेल असा आहे. चित्र स्वच्छ दिसेल की नाही, नळी किती वर्षे चालेल, याबद्दल एक अक्षर नाही. विकली जात होती हसद. शेजाऱ्याच्या हक्कांविषयी आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे ते वाचकांना सांगायला नको. अर्थ समजला म्हणजे ओळ पसंत पडलीच पाहिजे असे नाही, हेही ध्यानात असावे. अर्थ कळला नाही तर नापसंतीही करता येत नाही.

आपल्या कापडाच्या धंद्यातल्या मोठ्या ओळी बहुतेक याच जातीच्या. रेमंडचे "द कम्प्लीट मॅन" म्हणजे परिपूर्ण पुरुष. सुटाच्या कापडाचा त्यात उल्लेख नाही. "ओन्ली विमल" म्हणजे फक्त विमल. का फक्त विमल, ते घालणाऱ्याने ठरवावे. पीटर इंग्लंडने १९९७ मध्ये "द ऑनेस्ट शर्ट" म्हणून सदरा आणला. प्रामाणिक माणूस असतो, सदरा कसा असेल? इंग्रजीत विशेषण असे एकावरून दुसऱ्यावर सरकवता येते. आपणही "इमानदार भाव" म्हणतोच की. भाव वाजवी आहे, माल दिसतो तसाच आहे, एवढे त्यातून घ्यायचे.

म्हणजे ओळी दोन जातींच्या. एक, जिच्यात तपासता येईल असा दावा आहे. दुसरी, जिच्यात फक्त मनाला गुदगुल्या आहेत. दुसरीवर गिऱ्हाइकाला काहीही वचन देऊ नये, कारण कंपनीने आपल्याला काही दिलेलेच नाही.

इंग्रजी न समजणे ही फक्त आपलीच अडचण आहे, असेही नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात एंडमार्क नावाची संस्था आहे. तिने २००३ मध्ये तिथल्या लोकांना जर्मनीत चालणारी इंग्रजी घोषवाक्ये दाखवून अर्थ विचारला. बहुतेक ओळींचा अर्थ निम्म्याहून अधिक लोकांना धड सांगता आला नाही. डग्लस या अत्तरांच्या दुकानांची ओळ होती, "कम इन अँड फाइंड आउट". म्हणजे आत या आणि काय काय आहे ते पाहा. अनेक जर्मनांनी अर्थ केला, आत या आणि बाहेर पडायचा रस्ता शोधा! "फाइंड" म्हणजे शोधणे, "आउट" म्हणजे बाहेर, शब्दशः पाहिले तर त्यांचे काय चुकले? पुढे डग्लसने ओळ बदलून जर्मन केली. मॅकडोनाल्ड्सनेही त्याच २००३ मध्ये जर्मनीत आपली नवी मोहीम सुरू केली ती "इश लिबे एस" अशी, तिथल्या भाषेत. शिकलेल्या, श्रीमंत देशाची ही गत.

आपल्या देशातही कंपन्या हे कधीच ओळखून चुकल्या. पेप्सीने १९९८ मध्ये "ये दिल मांगे मोर" आणले. इंग्रजी मोर म्हणजे आणखी. खेड्यातल्या माणसाला वाटावे की दिल मोर पक्षी मागतो आहे. तरी ओळ गाजली, कारण तीन शब्द आपले आणि एकच परका होता. १९९९ च्या कारगिल युद्धात कॅप्टन विक्रम बात्रा यांच्या तोंडीही ती होती. सर्फ एक्सेलच्या मालक कंपनीची परदेशातली ओळ "डर्ट इज गुड" अशी आहे, इथे तिने "दाग अच्छे हैं" म्हटले. ज्यांचा पैसा पणाला लागतो ते भाषेचा अहंकार ठेवत नाहीत.

पण मोठ्या अक्षरांतल्या ओळींनी व्यापाऱ्याचे नुकसान फारसे होत नाही. नुकसान करतात ते ताग्याच्या काठावरचे, लेबलावरचे आणि सेलच्या फलकावरचे छोटे शब्द. ते घोषवाक्यासारखेच छापलेले असतात, पण त्यांच्यात व्यवहार असतो.

"फास्ट कलर" पाहा. फास्ट म्हणजे जलद, हे सर्वांना ठाऊक. फास्ट म्हणजे रोजा, हेही आपल्याला ठाऊक. मग फास्ट कलर म्हणजे पटकन जाणारा रंग की काय? अर्थ नेमका उलटा आहे. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का. फास्ट कलर म्हणजे पक्का रंग. "फ्री"चेही तसेच. "फ्री साइज" म्हणजे मोफत नव्हे, कोणत्याही अंगाला बसेल असे माप. शब्दाच्या शेवटी फ्री आले तर अर्थ होतो विरहित, जसे शुगर फ्री. आमच्या धंद्यात एका कंपनीने शर्टिंगबरोबर मोठा फलक दिला, "रिंकल फ्री", म्हणजे सुरकुत्याच नाहीत. तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने ताग्याला लावलेली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर बारीक अक्षरांत "रिंकल रेझिस्टन्ट" होते, म्हणजे सुरकुत्यांना विरोध करणारे. विरोध केला, पण हरले, असे म्हणायचे! फलक दुकानदाराच्या भिंतीवर होता, चिठ्ठी कापलेल्या ताग्याबरोबर कचऱ्यात गेलेली. गिऱ्हाइकाशी भांडण दुकानदाराचे झाले.

"मॅन मेड फायबर" हा शब्द हातमागाच्या मालाला शोभेल असा वाटतो. त्याचा अर्थ माणसाने हाताने विणलेले असा नाही, निसर्गात न मिळणारा, कारखान्यात बनवलेला धागा असा आहे. "सॅन्फोराइज्ड" आणि "मर्सराइज्ड" हे शब्द शब्दकोशात शोधूनही नीट उलगडत नाहीत, कारण ते माणसांच्या नावांवरून पडले. अमेरिकेच्या सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची रीत काढली, ती सॅन्फोराइज्ड. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी एकोणिसाव्या शतकात सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, तीवरून मर्सराइज्ड. त्याने सुताला चमक येते आणि रंग चांगला धरतो.

सर्वांत जास्त गोंधळ "आर्ट सिल्क"चा. आर्ट म्हणजे कला, सिल्क म्हणजे रेशीम. लग्नसराईत कित्येक घरांनी हे कलाकुसरीचे रेशीम समजून घेतले असेल. इथला आर्ट हा आर्टिफिशियल या शब्दाचा तुकडा आहे, म्हणजे कृत्रिम. व्यापारात हा शब्द राजरोस चालतो, त्यात लपवाछपवी नाही. मुंबईत वरळीला सस्मिरा नावाची कापड संशोधन संस्था १९५० पासून आहे, तिच्या नावातही आर्ट सिल्क आहे. पण घाऊक बाजारात दोघांना माहीत असलेला शब्द किरकोळ गिऱ्हाइकापुढे जसाच्या तसा ठेवला की प्रामाणिक शब्दही फसवा होतो. "सिल्क फिनिश" आणि "सिल्क फील" यांत तर रेशीम असावेच असे नाही. दिसायला रेशमासारखे, हाताला रेशमासारखे, एवढाच त्यांचा अर्थ. "कॉटन रिच" म्हणजे कापूस निम्म्याहून जास्त, पूर्ण नव्हे. "ब्लेंड" म्हणजे मिश्रण. शेकडा किती, ते छापील आकड्यात पाहावे. ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस हे टेरिकॉटचे जुने प्रमाण आहे. तिथे ठळक अक्षरांत कॉटन असले तरी भर पॉलिएस्टरचा.

शंका आली तर इंग्रजीपेक्षा आगकाडी बरी. चार धागे काढून जाळा. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. कापूस किंवा व्हिस्कोस असेल तर कागद जळल्याचा वास. साडीवर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेल्या सिल्क मार्कचे लेबल असेल, तर ते शुद्ध रेशमाचे चिन्ह आहे. त्यावरचा इंग्रजी शब्द खरोखरच दावा करतो.

आता सेलचा फलक. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात "अपटू ५०% ऑफ" लागते. ५० चा आकडा हातभर, अपटू बोटभर. अपटू म्हणजे पर्यंत. एका कोपऱ्यातल्या चार पीसवर पन्नास आणि बाकी सगळ्यावर दहा टक्के सूट असली तरी ओळ खरीच राहते. "फ्लॅट ५०%" म्हणजे सरसकट सगळ्यावर. "२९९ ऑनवर्ड्स" म्हणजे भाव तिथून सुरू होतो, संपतो कुठे ते दिलेले नाही. "५०+२०" वाचून सत्तर टक्के सूट समजू नये. हजाराच्या मालावर आधी पाचशे कमी होतात. मग उरलेल्या पाचशेवर वीस टक्के, म्हणजे शंभर. गिऱ्हाइकाला चारशे द्यावे लागतात, सूट साठ टक्के. "बाय टू गेट वन" म्हणजे तिनातला एक मोफत, सूट तेहतीस टक्के. नऊशेचे तीन सदरे अठराशेला, एक सहाशेला पडला. एकच सदरा हवा असणाऱ्याला काहीच मिळत नाही. आणि "कंडिशन्स अप्लाय" म्हणजे अर्ज करा नव्हे, मलम लावा तर नव्हेच. अटी लागू आहेत, असा अर्थ. कोणत्या अटी, ते विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे आणि सांगणे आपले काम आहे.

मदीनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकत आलो आहोत. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. बोटभर अक्षरातला अपटू हे आत दडवलेले ओले धान्यच आहे.

देशाचा कायदाही आता याच वाटेने आला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले. दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा हुकूम ते व्यापाऱ्यालाही देऊ शकते. उत्पादकाला किंवा जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंताला पहिल्यांदा दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ९ जून २०२२ ला जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांतली एक आपल्या कामाची आहे. दावा ज्या भाषेत, खुलाशाची ओळही त्याच भाषेत हवी, आणि त्याच अक्षर-वळणात. दावा मराठीत ठळक आणि अटी इंग्रजीत मुंगीएवढ्या, हे आता चालत नाही. त्याआधीपासून, १९८५ पासून, जाहिरातदारांची स्वतःची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहे. तिचा नियम असा की, ऐकताक्षणी कोणालाही थट्टा किंवा अतिशयोक्ती कळेल तिथे हरकत नाही, पण खरा वाटेल असा दावा असेल तर पुरावा हवा. म्हणजे परिपूर्ण पुरुष म्हटले तर कोणी पुरावा मागणार नाही, रिंकल फ्री म्हटले तर मागू शकेल.

तेव्हा कंपनीचा प्रतिनिधी पुढच्या मोसमाचे नमुने घेऊन येईल, तेव्हा फलकावरची ओळ त्याच्याकडून पूर्ण वाक्यात उघडून घ्या. यात दावा काय, आणि तो ताग्यावरच्या चिठ्ठीत आहे का, हे विचारा. असेल तर ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. नसेल तर फलक परत द्या, भिंत रिकामी राहिली तरी चालेल. स्वतःच्या दुकानावर इंग्रजी ओळ रंगवून घ्यायची असेल तर पेंटरच्या मर्जीवर सोडू नका. उर्दू किंवा मराठीत जे म्हणायचे ते आधी कागदावर लिहा, इंग्रजी जाणणाऱ्या दोघांना वेगवेगळे दाखवा आणि दोघे एकच अर्थ सांगतात का ते पाहा. गिऱ्हाईक म्हणून आपलीच फसगत झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार हिंदीत आणि इतरही भारतीय भाषांत घेतली जाते, तिथे इंग्रजीची गरज नाही.